लहानपणीचं पुस्तक पुन्हा वाचायचंय? आधी एक पान लिहा

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि घर रिकामं करून द्यायची तारीख आली तेव्हा माळा उपसायचं काम माझ्याकडे आलं. मी स्टुलावर, आई खाली उभी राहून एकेक वस्तू ओळखतेय, हा दादाच्या मुंजीतला हंडा, ही पाटा-वरवंट्याची जोडी कुणाला तरी देऊन टाकू, असं चाललेलं. सगळ्यात आत भिंतीला टेकून बिस्किटांचं एक मोठं खोकं होतं आणि त्यावर दादाच्या शाळेतल्या अक्षरात लिहिलेलं, "पुस्तकं. टाकायची नाहीत." वरचंच पुस्तक होतं श्यामची आई, खाकी कव्हर घातलेलं, आणि मी तिथेच स्टुलावर बसून वाचायला लागले आणि पुढच्या दोन दिवसांत, सामान बांधता बांधता, सगळं वाचून संपवलं.

आणि तिथेच माझी चूक झाली. लहानपणी वाचताना त्या पुस्तकातलं घर माझ्या डोक्यात पक्कं होतं, आमच्या आजोळच्या घरासारखं, ओटी, मागचं दार, मागच्या दारी विहीर. तीस वर्षं ते तसंच राहिलं होतं. आता वाचून झाल्यावर ते जुनं घर आठवायला गेले तर हाताला काही लागेना, सगळीकडे आत्ता वाचलेलंच दिसत होतं. नववीतल्या मला, पाचवीतल्या मला काय दिसत होतं त्याचा एवढा एकच पुरावा माझ्याकडे होता आणि तो मी न बघताच पुसून टाकला. खूप वाईट वाटलं मला त्याचं, अजूनही वाटतं.

म्हणून त्यानंतर मी एक पद्धत केली, गेली दोन वर्षं तशीच वाचतेय, आणि ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनाही आवडली म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

तर पहिलं काम, पुस्तक उघडायचं नाही. कव्हर बघितलंत तरी चालेल पण आतलं पान नको. एक कोरा कागद घ्यायचा आणि त्यावर जेवढं आठवतंय तेवढं लिहायचं. परीक्षेसारखं गोष्टीचा सारांश लिहू नका, ते कुणीही लिहील. हे लिहा, की पुस्तक कुणी दिलं होतं, कुठे बसून वाचलं, तेव्हा कितवीत होतात, घरात कोण आजारी होतं का, पाऊस होता का मे महिना होता. मग पुस्तकातलं कुठलं चित्र डोळ्यांसमोर येतं, खरंच छापलेलं चित्र किंवा तुम्ही मनात काढलेलं, दोन्ही. एखादं वाक्य आठवत असेल तर ते जसं आठवतंय तसं, चुकीचं असलं तरी. शेवट काय होता. कोण आवडायचं, कोणाचा राग यायचा. कुठे रडलात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय आठवत नाहीये, म्हणजे "मधला भाग पूर्ण कोरा" असं सुद्धा लिहून ठेवा. खाली तारीख टाका. पान भरलं नाही तर नको भरू दे, चार ओळीसुद्धा पुरतात, पण मोबाइलवर टाइप करण्यापेक्षा हाताने लिहिलेलं बरं कारण नंतर हा कागद पुस्तकात ठेवायचाय.

फास्टर फेणे परत वाचायच्या आधी मी जे पान लिहिलं त्यात होतं की बन्या खूप मोठा आहे, दादाएवढा, उंच, काहीही करू शकतो, सायकल, फुरसुंगी, ट्टॉक, आणि दिवाळीच्या सुट्टीत आत्याच्या घरी गॅलरीत बसून वाचलं, खाली फटाके. मग उघडलं. तर तो किडकिडीत पोरगा आहे हो! लहान आहे! बनेश फेणे नावाचं एक शाळकरी पोर सायकलवर बसून एकटंच कुठेही निघतंय आणि मी आता वाचताना सारखी घाबरतेय की अरे घरी कुणाला तरी सांगून जा. पान लिहिलेलं नसतं तर मला हे कळलंच नसतं की मी त्याला मोठा समजत होते, वाटलं असतं की मला आधीपासून माहीत होतं तो लहान आहे. आपल्या मनाला जुन्या आठवणी मागाहून बदलून घ्यायची सवय असते, आणि ते आपल्याला सांगून करत नाही.

आता कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करायची. माझं मत असं की सगळ्यात लाडक्या पुस्तकापासून करू नका. ते चौथं-पाचवं असू दे. आधी असं पुस्तक घ्या जे आवडलं होतं पण ज्याच्यावाचून जीव अडला नव्हता, म्हणजे हात बसेल, पान लिहायची सवय होईल, आणि निराशा झालीच तर फार लागणार नाही. आणि मध्ये निदान पंधरा-वीस वर्षं गेलेली हवीत. कॉलेजात तीनदा वाचलेलं, मग लग्नानंतर एकदा वाचलेलं पुस्तक या कामाला तितकं उपयोगी नाही कारण त्याच्या आठवणी एकात एक मिसळलेल्या असतात. मासिकं मात्र जरूर घ्या यादीत. आमच्याकडे किशोर यायचं आणि चांदोबा शेजारच्या काकूंकडे यायचा, आणि मासिकाची गंमत अशी की ते आपण एकदाच वाचून पुढे गेलेलो असतो, त्यामुळे आठवण एकदम कोरी करकरीत निघते. किशोर बालभारतीने १९७१ साली सुरू केलं आणि त्याचे जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट वाचायला ठेवलेत. मी माझ्या जन्मानंतरच्या दहाव्या वर्षाच्या दिवाळी अंकापासून सुरुवात केली आणि तिसऱ्याच अंकात एक कोडं सापडलं जे मी आणि दादाने मिळून सोडवलेलं होतं, उत्तर आठवत नव्हतं पण त्या पानाचा रंग आठवत होता.

पुस्तक मिळवणं. पहिलं म्हणजे तुमचीच जुनी प्रत. आईकडे, मावशीकडे, गावच्या घरी विचारा, लोकांनी टाकलेलं नसतं, माळ्यावर असतं. आपली प्रत मिळाली तर तिच्यासारखं काही नाही कारण पानांवर चहाचे डाग, पेन्सिलच्या खुणा, पहिल्या पानावर "चि. अमुकला पाचवीत पहिली आल्याबद्दल" असलं काहीतरी असतं. पण ती उघडताना जपा. जुना कागद, खासकरून वर्तमानपत्रासारखा स्वस्त कागद, त्यात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं, ते हवेने आणि उजेडाने पिवळं-तपकिरी होत जातं आणि कागद आम्लधर्मी होऊन कडक होतो, म्हणून पान दुमडलं की तुकडाच पडतो. कोपरा दुमडून खूण करू नका, बसची तिकिटं ठेवा मध्ये. फाटलंय म्हणून सेलोटेप अजिबात लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून चिकट डाग ठेवते आणि अक्षरं घेऊन निघते. मऊ ब्रशने धूळ झटका, कसर दिसली तर पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं काढा, आणि उन्हात वाळत घालू नका, सावलीत पंख्याखाली उभं उघडं ठेवा. आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटातली पुस्तकं भिंतीला चिकटवून ठेवली की मागून बुरशी धरतेच, मध्ये चार बोटं जागा सोडा. माझी आई कपाटात वेखंड ठेवते, मला तो वास डांबराच्या गोळ्यांपेक्षा चांगला वाटतो.

आपली प्रत गेली असेल तर वाचनालय. ठाण्यात राहून मराठी ग्रंथ संग्रहालयाचं सभासद नसणं हे मला खरंच समजत नाही, १८९३ पासून आहे ते, मराठी पुस्तकं जमवायची एवढ्याच हेतूने काढलेलं. तिथे जुन्या आवृत्त्या मिळायची शक्यता जास्त, आणि जुनी आवृत्ती का हवी तर चित्रं आणि मुखपृष्ठ. लहान मुलाला पुस्तक निम्मं चित्रातून आठवतं. नवीन प्रकाशकाने नवी चित्रं घातली असतील तर ती चांगलीही असतील पण तुमच्या आठवणीशी त्यांचं काही नातं नाही. जुन्या पुस्तकांसाठी एखाद्या रविवारी माटुंग्याला उतरून किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर चक्कर मारा, नाहीतर फोर्टात फ्लोरा फाउंटनला. दुकानदाराला नुसतं पुस्तकाचं नाव सांगून भागत नाही, "साधारण पंचाऐंशी-नव्वदच्या आसपासची, वर मुलगा सायकलवर आहे ती" असं सांगितलं की ते ढिगातून बरोब्बर हात घालतात.

नवीन प्रत विकत घेताना एक गोष्ट नक्की बघा, पूर्ण आहे का संक्षिप्त. आपल्याकडे लेखकाचा हक्क (कॉपीराइट) त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. साने गुरुजी गेले १९५० साली, म्हणजे २०११ पासून श्यामची आई कुणीही छापू शकतं, आणि म्हणून बाजारात तिच्या कितीतरी आवृत्त्या आहेत, काही सुंदर, काही "मुलांसाठी सोपी" करून कापलेल्या. अनुक्रमणिका उघडा आणि मोजा, ४२ रात्री असल्या पाहिजेत, त्यात प्रकरणांनाच रात्री म्हटलंय. (हो, मी सांगितलं की आधी उघडायचं नाही, पण अनुक्रमणिका बघायची तर पान लिहून झाल्यावरच दुकानात जा.) फास्टर फेणे लिहिणारे भा. रा. भागवत २००१ साली गेले, त्यांची पुस्तकं अजून हक्कात आहेत, ती विकतच घ्या, ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफ नकोत, मुलांच्या मराठी पुस्तकांचा धंदा आधीच किती नाजूक आहे ते आपल्या सगळ्यांना माहितीये.

आता वाचणं. मी नवी मुंबईत कामाला आहे, ठाणे-वाशी गाडीने जाते, अर्ध्या तासाचा प्रवास, आणि ही पुस्तकं वाचायला तेवढाच वेळ बरोबर आहे असं माझं ठाम मत झालंय. पुन्हा वाचताना एका बैठकीत संपवायची घाई होते कारण गोष्ट माहीत असते, डोळे पुढे पळतात. त्यांना थांबवायला काहीतरी बाहेरून बांध हवा. माझा बांध स्टेशनचा आहे, सकाळी खिडकी मिळाली की एक प्रकरण, ते साधारण घणसोली-कोपरखैरण्याला संपतं, मग पुस्तक बंद आणि वाशीपर्यंत नुसतं बाहेर बघत बसायचं. ते नुसतं बसणं पण वाचण्याचाच भाग आहे. संध्याकाळी येताना मी पुढचं वाचत नाही, सकाळचंच आठवते. श्यामची आई दुसऱ्यांदा, नीट, अशी वाचली तेव्हा रोज एकच रात्र वाचली, ४२ दिवस. ती गोष्ट सांगितलीच तशी आहे ना, रोज रात्री जमायचं आणि श्यामने एक आठवण सांगायची, मग दोन दिवसांत सगळं गिळलं तर ती ऐकली कुठे आपण.

एक काम जे मला कुणी शिकवलं नाही पण ज्याने सगळ्यात जास्त फरक पडला ते सांगते. लेखकाचं वय काढा. लहानपणी लेखक म्हणजे म्हातारेच असतात सगळे, फोटोतले. साने गुरुजींचा जन्म डिसेंबर १८९९ चा आणि हे पुस्तक त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं फेब्रुवारी १९३३ मध्ये. म्हणजे तेहतीस वर्षांचा तरुण! मी आज त्रेचाळीस. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेला एक मुलगा तुरुंगात बसून आपल्या गेलेल्या आईबद्दल लिहितोय, हे एकदा मनात बसलं आणि मग पुस्तकाचा आवाजच बदलला, उपदेश करणारे गुरुजी बाजूला झाले आणि आईची आठवण येणारा पोरगा समोर आला. शिवाजी सावंतांचा जन्म १९४०, मृत्युंजय आलं १९६७ ला. सत्तावीस वर्षं! आमच्या ऑफिसात त्या वयाची मुलं आहेत, मी त्यांना रोज बघते. हे गणित कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुस्तकाचं वर्ष, लेखकाचं तेव्हाचं वय, तुमचं पहिल्यांदा वाचतानाचं वय, आणि आत्ताचं.

आणि मग वाचताना लक्ष कुठे ठेवायचं, तर ज्या माणसांकडे तेव्हा बघितलं नव्हतं त्यांच्याकडे. श्यामची आईबद्दल माझ्या (नंतर आठवून आठवून लिहिलेल्या) पानावर सगळी आईच होती. वडील, म्हणजे भाऊ, त्यांच्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. आता वाचताना मला सगळीकडे भाऊच दिसले. त्या पुस्तकात एक कर्जाची गोष्ट आहे हो, आख्ख्या पुस्तकभर आहे. खोताचं घराणं, मग वाटण्या, घर सुटलं, सावकाराचा तगादा, त्याचा माणूस दारात येऊन बायकोसमोर नको ते बोलून जातो आणि घरातला कर्ता पुरुष मान खाली घालून ऐकतो. मी अकराव्या वर्षी हे वाचलं होतं आणि मला ते दिसलंच नव्हतं. आता आमच्या फ्लॅटचा ईएमआय आहे, बिल्डरने भाडं दोन महिने लांबवलं तेव्हा आईसमोर आवाज साधा ठेवून बोलताना काय होतं ते मला माहितीये, आणि तो प्रसंग मी गाडीत वाचू शकले नाही, ऐरोलीलाच पुस्तक मिटलं. अळणी भाजीची गोष्ट आठवते का बघा, आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि भाऊ काही न बोलता तशीच जेवतात, म्हणून मुलंही काही बोलत नाहीत, आणि शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. शाळेत आम्हाला त्यातून आई किती हळवी ते शिकवलेलं. आता वाचलं तर कर्जाने पिचलेला एक माणूस आहे ज्याच्याकडे बायकोला द्यायला काही उरलेलं नाही, आणि तो तिला तेवढं देतो, न बोलणं. मी हे संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अगं, तुझे बाबा पण असेच जेवायचे. एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला उठली. मला हे त्रेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

म्हणून मोठ्याने वाचा कधीतरी, ज्यांनी ते पुस्तक तुमच्याआधी वाचलंय त्यांच्यासमोर. आईला सत्तरी ओलांडल्यावर बारीक अक्षर वाचवत नाही त्यामुळे आमच्याकडे ते आपोआप झालं.

सोळा-सतराव्या वर्षी वाचलेल्या पुस्तकांचं जरा वेगळं असतं, ती जास्त सांभाळून उघडावी लागतात. लहानपणी आपण गोष्ट वाचतो, त्या वयात आपण स्वतःला शोधत असतो आणि सापडलं की पेन्सिल घेऊन खाली रेघा मारतो. माझ्या मृत्युंजयमध्ये पानापानाला रेघा आहेत, कर्णाच्या प्रत्येक अपमानाखाली दोन-दोन, आणि एका समासात नुसतं "बरोबर!!" असं लिहिलंय. त्या रेघा खोडू नका, कृपा करून. मी दुसऱ्या रंगाची पेन्सिल घेतली आणि आता जिथे थांबावंसं वाटलं तिथे रेघ मारली, जुन्या प्रतीत, समासात छोटी तारीख घालून. दोन रंगांच्या रेघा एकमेकींच्या जवळ क्वचितच आल्या. त्या पुस्तकात कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हे आपापल्या तोंडाने बोलतात, आणि अकरावीत मी वृषालीचा भाग भराभर उलटलेला होता हे रेघांवरून सरळ कळतं, तिथे एकही रेघ नाही. म्हणून या वेळी मी वृषालीपासून सुरुवात केली, मग कुंती, मग बाकी. असं पुस्तक अनेक तोंडांनी सांगितलेलं असेल तर हे नक्की करून बघा, तेव्हा ज्याला टाळलं होतं त्याच्यापासून सुरू करा. कर्णावरचं माझं प्रेम कमी झालं का, तर नाही, पण द्यूतसभेत द्रौपदीबद्दल तो जे बोलतो महाभारतात, ते आता माझ्या मनातून जात नाही, आणि अकरावीतली मी त्याला तेव्हा लगेच माफ करून मोकळी झाले होते. त्या मुलीवर मला राग नाही आला. तिला तेव्हा एका अपमान झालेल्या माणसाची गरज होती, दहावीला मार्क कमी पडून हवं ते कॉलेज हुकलं होतं तिचं.

आता निराशेचं बोलू, कारण ती होणार आहे. माझ्या यादीतली दोन पुस्तकं मी पूर्ण करू शकले नाही. एक गुप्तहेराची मालिका होती, गल्लीतल्या लायब्ररीतून रोज एक आणायचो आम्ही, नाव नाही सांगत. त्यात बायका फक्त चहा आणतात, किंचाळतात नाहीतर फसवतात, आणि नोकरमाणसांबद्दल जे लिहिलंय ते मला माझ्या मुलासमोर मोठ्याने वाचता येणार नाही. आणि मी ती मालिका जीव टाकून वाचलेली, त्याच डोक्याने मोठी झालेली. अशा वेळी काय करायचं? मी सांगते मी काय केलं, पन्नास पानांवर थांबले आणि माझं जुन्या आठवणींचं पान परत वाचलं. त्यात गुप्तहेराबद्दल तीनच ओळी होत्या, बाकी सगळं होतं लायब्ररीबद्दल, तिथल्या काकांबद्दल जे उद्याचं पुस्तक आजच बाजूला काढून ठेवायचे, रोज रात्री जेवणानंतर दादाबरोबर चालत जाणं, परत येताना घंटाळी देवळापाशी कोण आधी वाचणार यावर भांडण. म्हणजे मला जे आवडत होतं ते पुस्तकात नव्हतंच, त्याच्या आजूबाजूला होतं. मग पुस्तक मिटलं आणि पान ठेवून दिलं. पुस्तक वाईट निघालं म्हणून आठवण खोटी होत नाही, आणि आठवण गोड आहे म्हणून पुस्तकाची चूक झाकायचीही गरज नाही. फक्त पन्नास पानं द्या हो त्याला, पहिल्या दहा पानांत वैताग येतो तो पुष्कळदा भाषेचा असतो. जुनी वाक्यं लांब असतात, हळूहळू कान बसतो.

मुलांना वाचायला द्यायचंय म्हणून बरेच जण ही पुस्तकं परत काढतात. माझा मुलगा सातवीत आहे, इंग्लिश मीडियम, मराठी बोलतो छान पण वाचताना अडखळतो. त्याच्यावर लादायचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्हीदा पुस्तक आठवडाभर त्याच्या टेबलावर तसंच पडून राहिलं. तिसऱ्यांदा नुसतं आईला वाचून दाखवत होते, फास्टर फेणे, आणि तो दुसऱ्या खोलीतून येऊन दारात उभा राहिला. काही बोलले नाही मी. तिसऱ्या दिवशी तो बसला. अडलेल्या शब्दापाशी थांबून समजावू नका, आणे म्हणजे काय, ओसरी म्हणजे काय, त्यांना गोष्टीतून साधारण कळतं आणि नाही कळलं तर ते विचारतात. आणि "मी तुझ्याएवढी होते तेव्हा" हे वाक्य पुस्तक हातात असताना तोंडातून काढायचं नाही, हा आमच्याकडे आता नियमच आहे. त्याला त्याचं म्हणून ते मिळू दे.

ज्यांची भावंडं आहेत त्यांनी एक करा, दोघांनी वेगवेगळी पानं लिहा आणि पुस्तक वाचून होईपर्यंत एकमेकांना दाखवू नका. दादा नेरूळला असतो, आम्ही वाचून झाल्यावर पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो. एकाच घरात, एकाच प्रतीतून वाचलेलं पुस्तक आणि आमच्या पानांत सारखं एक वाक्य नाही! चांदोबातल्या वेताळाच्या गोष्टींबद्दल मी लिहिलं होतं की भीती वाटायची आणि मी दादाला चिकटून वाचायचे. दादाने लिहिलं होतं की त्याला खूप भीती वाटायची पण मी चिकटून बसलेली असायची म्हणून तो मोठ्याने वाचत राहायचा. पस्तीस वर्षांनी कळतंय मला हे.

वाचून झाल्यावर जुन्या पानाच्या मागच्या बाजूला नवीन लिहायचं, सात-आठ ओळी, काय वेगळं निघालं, कोण नव्याने दिसलं, कुठे थांबलात, आणि आजची तारीख. मग घडी घालून पुस्तकाच्या शेवटच्या पानात ठेवून द्या. प्रत वाचनालयाची असेल तर अर्थात एक वही करा. पुस्तक लगेच परत वाचू नका, निदान दहा वर्षं तरी. माझ्या खोक्यातल्या नऊ पुस्तकांत आता असे कागद आहेत, नवीन घराचा ताबा मिळाला की ती माळ्यावर जाणार नाहीत, बाहेरच्या खोलीत राहतील, एवढं आर्किटेक्टला सांगून ठेवलंय.

पुढचं आहे एक होता कार्व्हर. वीणा गवाणकरांनी लिहिलेलं शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचं चरित्र, १९८१ सालचं. आमच्या खोक्यात ते नाही, कुणाला तरी वाचायला दिलं ते परत आलंच नाही. काल रात्री पान लिहिलं. लिहिलंय की आठवीतल्या मे महिन्यात वाचलं, बाबांनी आणलं होतं, शेंगदाणे, आणि तान्ह्या बाळाला पळवून नेतात आणि एका घोड्याच्या बदल्यात सोडवून आणतात. शेंगदाण्यांचं काय काय केलं ते आठवत नाही. तो म्हातारा झाल्यावरचं काहीच आठवत नाही. बाबांनी ते का आणलं होतं हेही आठवत नाही, ते आईला विचारायचंय. शनिवारी अर्धा दिवस आहे, येताना ग्रंथ संग्रहालयात जाऊन घेऊन येते.